चूळ

त्यानं खजूर खाल्ला. बी काढून टेबलावरच्या कागदावर ठेवली. म्हणाला, "वा! काय मऊ आहे हो. लोणीच." आणि दुसरा उचलला.

दुसरा बोटांत होता तेव्हाच त्यानं माझा अर्ज पुढं ओढला. माझं नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. मग नजर पत्त्यावर आली. भीमनगर.

नजर तिथंच थांबली.

हातातला खजूर त्यानं डब्यात परत टाकला नाही, तोंडातही टाकला नाही. बीच्या शेजारी ठेवला. खुर्ची मागं सरकवली. पाण्याची बाटली घेऊन खिडकीशी गेला. चूळ भरली. बाहेर थुंकला. परत भरली. परत थुंकला. मी खुर्चीसमोर उभी होते. त्याची पाठ बघत होते. शर्ट पाठीला घामानं चिकटलेला होता.

रुमालानं तोंड पुसत आला, बसला, म्हणाला, "दातात अडकलं होतं."

मग पट्टीच्या टोकानं डबा माझ्याकडं सरकवला. "हे घेऊन जा. इथं मुंग्या लागतात. रेशन कार्डाची झेरॉक्स आणलीस का?"

आणलीस. तोवर मी 'तुम्ही' होते.

"आणली साहेब," मी म्हणाले. झेरॉक्स दिली. फोटो दिले. जुना पासपोर्ट दिला. त्यानं सगळं टाचलं, पावती दिली. मी हात जोडले. "लई उपकार झाले साहेब."

हे मी म्हणाले. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

मी सहावीतून शाळा सोडलेली बाई. शाळा सोडली असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, शाळेनं मला कधी धरलंच नव्हतं. मालक गेले तेव्हा पोरगी मांडीवर होती. नांदेडच्या एका एजंटानं मस्कतला कामाला लावलं. एका घरात म्हातारीला सांभाळायचं, स्वैपाक करायचा. आमच्या गावात मस्कत म्हणलं तरी कुणाला कळत नाही, सगळे दुबईच म्हणतात. मी गावात आले की पोरं ओरडायची, "दुबईवाली आली, दुबईवाली!" माझ्या अंगावर सोनं नव्हतं. हातात एक घड्याळ होतं, तेच त्यांना दुबई वाटायचं.

उपकार मानायची मला खोडच लागली होती. एजंटाचे मानले, विमानात पाणी देणाऱ्या पोरीचे मानले. म्हातारीचा लेक माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात ठेवायचा, सुट्टीला जाताना काढून द्यायचा. त्याचेबी मानले. माझाच पासपोर्ट. मला वाटायचं, सहावी शिकलेल्या बाईला एवढं मिळालं, हेच लई झालं. कुणी रागावलं आणि काढून घेतलं तर? रात्रंदिवस तेवढीच धास्ती.

त्या सुट्टीत पासपोर्टची मुदत संपत आली होती. म्हातारीच्या लेकानं सांगितलं होतं, गावाकडं आहेस तोवर नवा करून घे. व्हिसाची मुदत टळायच्या आत परत ये, नाही आलीस तर व्हिसा मेला, मग मला दुसरी बाई बघावी लागेल. तो वाईट बोलला नाही. जे होतं ते सांगितलं. माझी पोरगी हिंगोलीत होस्टेलात राहून शिकत होती. माय थकली होती, दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणं तिला होत नव्हतं. दोघींचं माझ्यावर. माझं त्या घरावर. आणि ते घर त्या निळ्या पुस्तकावर.

हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कागद आता तिथंच घेतात असं कळलं, तर मला केवढा आनंद झाला. लांब जायला नको. गोरेगावपर्यंत चालत, तिथून जीप, सेनगाववरून हिंगोली. सरकारी कचेरीत एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलामागं तो बाबू.

जायच्या आदल्या दिवशी मायनं विचारलं होतं, "साहेबाला काय नेतीस?"

"अत्तराची बाटली हाय."

"नुसती बाटली? खायला काई?"

खजूर होते. दुकानातले नाही. म्हातारीच्या अंगणातल्या झाडाचे. निघताना तिनं स्वतः फडक्यात बांधून दिले होते. मायनं एकेक खजूर ओल्या फडक्यानं पुसला. चांगले चांगले निवडले. कॅरीबॅगमधी नेते म्हणाले तर चिडली. "साहेबाला पिशवीत देतेत का, येडे?" आणि घरातला एकुलता झाकणाचा स्टीलचा डबा राखेनं घासून त्यात भरून दिले.

बाटली त्यानं आधी घेतली होती. खोक्यावरचा चकचकीत कागद फिरवून पाहिला. "ओरिजिनल आहे ना?" म्हणाला. ड्रॉवरमध्ये टाकली. चूळ भरून आल्यावरबी ती ड्रॉवरमध्येच होती.

परत येताना जीपमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसले. घरी भरलेला डबा कसा न्यायचा? मायला काय सांगायचं? मी खायला लागले. एकामागून एक. सेनगाव येईस्तोवर सगळे खाल्ले. चव लागली नाही. गोडबी लागले नाहीत. बिया पदरात घेतल्या आणि गोरेगावात उतरल्यावर झटकल्या. हापशावर डबा धुतला.

मला रडू आलं नाही. रागबी आला नाही. ते मी आता खरं सांगते. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. हात लावला तर गाल आहे. पण आपला नाही.

मस्कतच्या म्हातारीचा हात कापायचा. मी खजूर फोडून, बी काढून, तिच्या तोंडात घालायची. कधी माझी बोटं तिच्या दाताखाली यायची. ती हसायची. तिथं सगळं चांगलं होतं असं नाही. मी कोठीच्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी झोपायची. तिथली तकलीफ वेगळी. पण माझी बोटं तोंडात घेऊन कुणी चूळ भरली नव्हती.

मायनं डबा हातात घेतला. हलवून बघितला. "रिकामा! आवडले मंग साहेबाला."

"आवडले."

"काय म्हणला?"

"लोण्यावानी हायेत म्हणला."

माय हसली. ते खोटंबी नव्हतं.

पंधरवड्यानं पोस्टकार्ड आलं. अर्जात त्रुटी आहे, समक्ष या. मायनं काही न विचारता डबा काढला. फडक्यात उरलेले, पोरीसाठी ठेवलेले खजूर, पुसून भरले. मी बघत होते. नको म्हणता आलं असतं. काहून नको, हे सांगावं लागलं असतं. घेतला डबा. गेले.

त्या दिवशी खोलीत गर्दी होती. माझ्या पुढं हजला जायचे कागद घेऊन आलेले एक म्हातारे चाचा होते. दारात शिपाई. मला बघून म्हणाला, "आली दुबई! साहेब, तुमची दुबई आली."

बाबू हसला. माझी पिशवी बघितली. पिशवीतून डब्याचं झाकण दिसत होतं.

"ते डब्यातलं काढू नको बरं का," तो म्हणाला. आवाज गोड होता. "तुझा एक दाखला कमी आहे. करून टाकू, काळजी करू नको. अजून एखादी बाटली असली तर आण. सीलबंद. ती मागची बायकोला फार आवडली. देवघरात ठेवलीय तिनं. रोज देवाला लावते."

देवाला.

मला तेव्हा काय झालं ते नीट सांगता येत नाही. काही पेटलंबिटलं नाही. उलट सगळं गार झालं. पंख्याचा आवाज येत होता तो कळायचा बंद झाला. मला फक्त एवढं कळलं की मस्कतच्या दुकानात मीच ती बाटली हातात घेतली होती, हुंगली होती, माझ्या कपड्यांत गुंडाळून आणली होती. इतके उन्हाळे त्या घरात राबले, त्या पगाराची होती. आणि ती चालली. देवालाबी चालली. मायनं पुसलेला खजूर चालला नाही.

मी म्हणाले, "मंग ती बाटली परत द्या."

"काय?"

"बाटली. परत द्या. तिलाबी माझाच हात लागलाय."

शिपायाचं हसू थांबलं. बाबू इकडं तिकडं बघून हळू म्हणाला, "हे बघ, ही सरकारी जागा आहे. आवाज खाली. मी मागितली होती का बाटली?"

"न्हाई. म्या आपून दिली. उपकार म्हणून. तुमी चूळ भरली."

"कसली चूळ? दातात अडकलं होतं, सांगितलं ना तुला."

"दातात अडकलं व्हतं तर कागद वाचल्यावर काहून अडकलं?"

चाचा माझ्या कानाशी आले. "बेटी, चुप हो जा. कागज अटक जाएगा. बादमें लड लेना." ते माझ्या भल्याचंच सांगत होते. स्वतःचे कागद त्यांनी छातीशी धरले होते. त्यांची धास्ती मला ओळखीची होती. कालपर्यंत तीच माझी होती.

बाबूनं माझी फाइल उचलली. सगळ्यांना दिसेल अशी ढिगाच्या तळाशी घातली. "पासपोर्ट पाहिजे ना तुला?"

"पाहिजे."

"मग?"

"पासपोर्ट माझ्या हक्काचा हाय. त्यो तुमी द्यायचा न्हाई, सरकार देतंय. बाटली म्या दिली व्हती. ती तेवढी आणून द्या."

"अडकेल तुझं."

"अडकू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा कचेरीतून निघताना मी हात जोडले नाहीत. हातांना कळेना कुठं जायचं. नुसते लोंबकळत राहिले. बाहेर आले. जिंकले असं वाटलं नाही. पोरीचं होस्टेल डोळ्यापुढं आलं.

अडकलं. बराबर अडकलं. दाखला दिला तर म्हणे शिक्का फिका. शिक्का ठळक आणला तर म्हणे साहेब दौऱ्यावर. मी दर खेपेला गेले. दर खेपेला त्याच्या टेबलासमोर उभी राहून एकच विचारलं, "बाटली आणली का?" त्यानं आणली नाही. शेवटी शेवटी तो मला बघितलं की उठून जायचा.

व्हिसा मेला. गोरेगावच्या एसटीडीवर फोन आला. म्हातारीचा लेक म्हणाला, दुसरी बाई आलीय, तू आता येऊ नको. मागं म्हातारी काहीतरी बोलत होती. मला कळलं नाही. मी त्याला उपकार म्हणाले नाही. फोन ठेवला.

माय चिडली. "एका बाटलीपायी? सोन्यासारखं घर घालवलं तू. साहेबाशी भांडतेत का? मागल्या बारीला त्यानं खजूर खाल्ले ना तुझे?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं. खिडकी, चूळ, पट्टी. जीपमध्ये मीच खाल्ले ते.

माय भाकरी थापत होती. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"आन् म्या दुसऱ्या बारीला पुन्हा भरून दिला," ती म्हणाली. "तू मला भरू दिला."

तिनं त्यानंतर मस्कतचं नाव काढलं नाही आणि मला माफबी केलं नाही.

पासपोर्ट आला. उशिरानं, पण आला. त्याला तो थांबवता येत होता, रद्द करता येत नव्हता, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आम्हाला हे कुणी सांगत नाही. आपल्या हक्काच्या वस्तूसाठी आम्ही वाकतो, आणि वाकलेलं बघून त्यांना वाटतं की वस्तू त्यांचीच आहे.

मधली दोन वर्षं मी निंदायला गेले. पोरगी होस्टेल सोडून घरी आली, तिचं एक वर्ष गेलं. हे सगळं त्या एका वाक्याचं मोल आहे, मी लपवत नाही. आता मी बहरीनमध्ये आहे, दुसऱ्या घरात. इथंबी पासपोर्टाला कुलूप आहे, पण चावी मी मागून घेतली. घरची बाई आधी बिघडली. मग दिली.

हा पासपोर्टबी एक दिवस संपेल. परत त्याच खोलीत जावं लागेल. टेबलामागं तो असेल नाहीतर त्याच्यासारखा दुसरा. पत्ता बदलून टाक, नुसतं गाव लिही, असं मला आमच्याच एकानं सुचवलंय. भीमनगरच लिहिणार. पहिल्या ओळीत, ठळक.

माझ्या हातचं ज्याला चालत नाही, त्याला माझ्या हातून काहीच मिळणार नाही. अत्तर नाही. नमस्कार नाही. 'साहेब' हा शब्दसुद्धा नाही. अडवायचं तर अडवा.