करपलेला खवा

भूमजवळच्या खव्याच्या भट्टीवर ती माझ्या शेजारच्या कढईला असायची. उलथनं फिरवत गुणगुणायची, मधेच मला दटावायची, "हात थांबवू नको गं, करपंल."

एकदा मुकादम तिच्या मागून गेला आणि तिनं स्वतःच हात थांबवला. खवा करपला. वासानं मालकासकट सगळे धावत आले, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यो रोज अंगाला हात लावतो. आता समद्यांनी ऐका."

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला कामावर घेतलं नाही. मुकादम राहिला. शेजारून ते गुणगुणणं येईल असं मला अजून वाटतं.

परवा मुकादम नव्या बाईच्या मागं जाऊन उभा राहिला. मी हात थांबवला. माझ्या कढईतून करपल्याचा वास सुटला, तेव्हा ती गुणगुणत पुन्हा शेजारी आल्यासारखं वाटलं.