काचेची बाजू

"आतून म्हणजे आतूनच हो वकीलसाहेब! चोरी करायला आलेला माणूस बाहेरून काच कुरवाळून परत जाईल होय?"

सरकारी वकील खूश होऊन हसले. कोर्टाच्या व्हरांड्यात ठसेमामांनी कॉलर सारखी केली. बोटांचे ठसे जुळवता जुळवता मामांचे केस पिकले होते, आणि साक्षीला उभं राहिल्यावर 'माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्याचा त्यांना भारी तोरा. घरी मिठाचा डबा कुठंय तेही माहीत नसायचं, ते सोडा.

खटला घरफोडीचा. आरोपी दोरावर लोंबकळून इमारतींच्या काचा बाहेरून धुणारा. चोरी झालेल्या घरातल्या खिडकीच्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा. तो बाहेरच्या बाजूला असला तर रोजच्या कामाचा, आतल्या बाजूला असला तर सरळ तुरुंग. अख्खा खटला त्या काचेच्या जाडीवर उभा.

"आतल्या बाजूला," पिंजऱ्यातून मामा ठणकावून म्हणाले.

आरोपीची वकीलबाई उठली. मामांच्या लेकीच्या वयाची, आवाज एकदम गोड. "काच तुम्ही टेबलावर तपासलीत. मग आतली बाजू कुठली हे कसं कळलं?"

"बाई, चौकटीतून काढायच्या आधी कोपऱ्यात खूण करतो आम्ही. नव्या माणसाला मी हेच पहिलं शिकवतो."

"बरं. ही घ्या काच. खूण दाखवा."

मामांनी काच उजेडात धरली. उलटली. पुन्हा उलटली. कोपरे चारही कोरे. आणि त्यांना तो दिवस आठवला. बरोबरच्या हवालदाराला आपण गाजवलेल्या साक्षींचे किस्से सांगत, बोलता बोलताच त्यांनी काच खेचून काढली होती. आपल्याच फुशारकीत खूण राहून गेली. मग टेबलावर ठसा सापडला तीच बाजू आतली, असं मनानंच ठरवून टाकलं.

'पुसली गेली असेल' हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं. खपलंही असतं. समोर आरोपी काचेकडे बघत होता. तिच्यावर ठशांची पावडर फासलेली बघून त्याचा हात पुसायला शिवशिवत असावा. मामांच्या अहवालावर हा माणूस महिनोन्महिने कोठडीत पडला होता.

"माहीत नाही," मामा पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले.

"माहीत नाही, साहेब. खूण मी केलीच नाही. आतली बाजू मी ठोकून दिली."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मामांचे कान तापले. ते पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या उतरून बाहेर आले.

बाहेर सरकारी वकील ओळख नसल्यासारखे पुढून निघून गेले. आरोपीची आई मात्र लगबगीनं आली आणि हात जोडून म्हणाली, "तुम्हीच ना ते खरं बोलणारे? माझा लेक आता सुटेल तुमच्यामुळं, बाबा."

मान हलवून निसटता आलं असतं. "नाही, आई," मामा म्हणाले. "त्याला अडकवणाराच मी."

जोडलेले हात हळूहळू सुटले. म्हातारीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि बाकावर पाठ फिरवून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा कचेरीत परतले तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारी डोळ्याला भिंग लावून बसली होती. "काय मामा, गाजवली का साक्ष?"

"वाजली. माझीच." त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "मी बाजू सांगितलेल्या जुन्या सगळ्या काचा बाहेर काढ, बाई. आणि खुणा तू बघ. मी नको."

"किती निघतील, मामा!"

"निघू देत."

ती उठून कपाटाकडे गेली. मामांच्या टेबलावर सकाळी आलेलं दुसऱ्या चोरीतलं पितळी कुलूप पडलं होतं. त्यांनी हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला आणि ब्रश झटकला.