विम्यासाठी आणखी एक हिवाळा

पारा उणे वीसच्या खाली उतरला होता. वारा सरोवरावरून येत होता, म्हणजे अंगावर तीन कपडे चढवले तरी हाडापर्यंत पोचणारा. पहाटे पाच वाजता व्हर्ना लाहतिनेन शाळेच्या बस-आवारात नऊ नंबरच्या गाडीभोवती फिरत होती. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेली विजेची वायर तिनं काढली, काचेवरचं बर्फ खरवडलं, दिवे बघितले, एकेका चाकाला लाथ घातली. मग आत चढून दाराचा दांडा ओढून बघितला आणि तिचं तोंड वाकडं झालं. उजवा खांदा.

जुन्या गाडीचं दार ड्रायव्हरनंच हातानं उघडायचं आणि हातानंच लावायचं. तेवीस थांबे, दोन वेळच्या फेऱ्या. दिवसाला नव्वदएक वेळा तो दांडा ओढायचा नाहीतर ढकलायचा, आणि हे सव्वीस वर्षं.

खांद्याचं दुखणं तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. पण गेल्या मंगळवारी चढावरच्या थांब्यावर हात मधेच अडकला. तिनं हिसका दिला, त्या हिसक्यात ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी बर्फावरून हातभर पुढं घसरली. खाली तिघी बहिणी दप्तरं घेऊन उभ्या होत्या. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. "गुड मॉर्निंग" म्हणत वर चढल्या, जागेवर जाऊन बसल्या. कळलं ते एकट्या व्हर्नाला. तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना मधेच उठायची, धुतलेला कप पुन्हा धुवायची. पण घरात बोलली नाही. त्या भागातली माणसं तशीच, घसा बसला तरी चार दिवस कुणाला सांगायची नाहीत.

गाडीच्या आरशामागं एक कागद खोचलेला होता. जूनमध्ये निवृत्त होते, असं लिहिलेला. सही झालेली. सोमवारी द्यायचा होता.

खरं तर दोन वर्षांपूर्वीच ती थांबली असती. पण नवरा रूडी लोखंडाच्या खाणीत पस्तीस वर्षं काढून छातीत स्टेंटची स्प्रिंग बसवून घरी आला, तो तिच्या शाळेच्या विम्याच्या भरवशावर. पासष्ट भरली की सरकारचा विमा लागू होतो. व्हर्ना त्रेसष्टची, रूडी तिच्याहून वर्षानं लहान. मधली वर्षं बाहेरून विमा घ्यायचा तर दोघांचा हप्ता महिन्याला चोवीसशे डॉलर. सरकार त्यात बरीच मदत करतं, पण वर्षाची मिळकत ठरलेल्या रेषेच्या आत असली तरच.

हे सगळं तिला वाचनालयातल्या नॉर्मानं समजावलं होतं. नॉर्मा आठवड्यातून दोनदा लोकांचे विम्याचे अर्ज भरून द्यायची. जानेवारीत कागद पुढं सरकवून तिनं बजावलं होतं, "तुमचं बसतं गं रेषेच्या आत. पण काठावर. या वर्षी जादा काही कमवायचं नाही. जमीन विकायची नाही, झाडं विकायची नाहीत. लॉटरी लागली तर तिकीट फाडून टाक. रेषेच्या एक डॉलर वर गेलात की मदत निम्मी होत नाही, सगळी जाते."

घरी आल्यावर रूडीनं विचारलं, "काय म्हणाली?"

"बसतं म्हणाली."

एवढंच. झाडांचं काही बोलणं झालं नाही. कशाला होईल? रूडी कधी झाडं विकेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

शनिवारी दुपारी रूडीनं परसातला सौना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तापवला. चार वाजता दोघं नेहमीसारखी वरच्या फळीवर जाऊन बसली. खांद्याला ऊब लागली तसं तिला जरा सुटल्यासारखं वाटलं. रूडीनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ फुसकन वर आली.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. चेहरा लाल, आणि लपवता येत नाही असं हसू. "मागच्या रानातली मेपलची झाडं दिली मी."

"कुणाला दिली?"

"लाकडाच्या ठेकेदाराला. जमीन गोठलीय तोवरच त्यांची यंत्रं आत जाऊ शकतात. सोमवारपासून तोडतायत. तू कामावर असतेस म्हणून तुला आवाज आला नाही. निम्मी ट्रकात चढली. एकोणीस हजारांचा चेक जमासुद्धा झाला, तेवढेच अजून यायचेत." त्यानं तिच्याकडं बघितलं. "जूनमध्ये तू मोकळी झालीस की तुझ्या बहिणीकडं जाऊ. ॲरिझोनात, उन्हात. आख्खा हिवाळा."

व्हर्नाला नॉर्माची रेषा आठवली.

सौनात भांडत नाहीत. तिच्या आजीनं शिकवलेलं, देवळात बसल्यासारखं बसायचं. सासरीही तीच रीत. एकोणचाळीस वर्षांत दोघांचा आवाज तिथं कधी चढला नव्हता. व्हर्ना पाय हलवत राहिली, नखानं फळी खरडत राहिली. रूडीनं आणखी एक पळी टाकली.

"गप्प का गं? आवडलं नाही?"

"बाहेर चल," ती म्हणाली.

"आत्ताशी तर आलो."

"रूडी, बाहेर चल म्हणते ना!"

टॉवेल गुंडाळून दोघं बर्फात उभी राहिली, अंगातून वाफा निघतायत.

"मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारून कुणी भेट देतं का?"

"अरे, रेषा ओलांडली आपण! त्या झाडांनी ओलांडली. या वर्षी मदतीचा एक छदाम मिळायचा नाही."

रूडीला समजायला वेळ लागला. समजलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "मग तू मला का नाही सांगितलंस, झाडं विकू नको म्हणून?"

"तू आजवर साधी फांदी तरी विकलीस का, सांगायला?" एवढंच ती म्हणाली, आणि तिथंच, उघड्या पायांनी, मंगळवारची सगळी गोष्ट तिनं सांगून टाकली. दांडा, हिसका, हातभर घसरलेली गाडी, त्या तिघी.

रूडीनं टॉवेल आवळून धरला. मग म्हणाला, "मी चालवतो बस. शिकून घेतो."

"तुला डॉक्टर पास करेल? छातीत स्प्रिंग घेऊन?"

"नाही करणार."

"मग आत चल. मरशील थंडीनं आणि विमा वाया जाईल."

त्याही अवस्थेत त्याला हसू आलं. तिला नाही आलं.

सोमवारी सकाळची फेरी आटोपून ती आवारातल्या कचेरीत गेली. बसगाड्यांचा प्रमुख डेल केमप्पा फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होता. लहानपणी तो तिच्याच बसमधून शाळेत जायचा, त्यामुळं प्रमुख झाला तरी तिला मिसेस लाहतिनेनच म्हणायचा.

"कागद आणलात?" त्यानं फोन ठेवत विचारलं. "नका देऊ हो. दोन फेऱ्यांना आत्ताच माणूस नाही."

"मला हलकं काम दे. स्वयंपाकघरात, नाहीतर गाड्या झाडायला."

"आत्ता देतो. पण ते आठवड्याला तीस तासांच्या आतलं. विमा नाही त्यात."

तेही तिला ठाऊक होतं. तिनं मंगळवारची गोष्ट त्याला सांगितली, काही न झाकता. डेल खुर्चीत सरळ झाला.

"हे तुम्ही मला लगेच सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं. आता ऐक. नाताळच्या सुट्टीपर्यंत कामावर राहते मी. जानेवारीत नवं वर्ष, मिळकतीचा नवा हिशोब. पण नऊ नंबरवर पुन्हा बसणार नाही. मला सतरा दे."

"सतरा खेळाच्या टीमची आहे, मिसेस लाहतिनेन. प्रशिक्षक माझा जीव घेईल."

"बटणाचं दार आहे तिला. एका बोटानं उघडतं. बास्केटबॉलवाल्यांच्या ड्रायव्हरचा खांदा माझ्याहून धड आहे."

"आणि दुपारची फेरी?"

"आजपासून. नाहीतर हा कागद घे आणि दुपारी स्वतः चालव. रस्ता तुला पाठ आहेच. सहावीपर्यंत मागच्या बाकावर उलट्या करत आलायस."

पलीकडं बसलेली कारकून फिसकन हसली. डेलनं मान खाजवली, भिंतीवरच्या खिळ्यावरून सतराची किल्ली काढली आणि तिच्यापुढं ठेवली. "डॉक्टरला दाखवा मात्र. या आठवड्यात. ते मला लिहून हवंय."

"विमा आहे तोवर दाखवतेच की."

कागद तिनं चार घड्या करून कोटाच्या खिशात टाकला, फाडला नाही. पुढचा डिसेंबर आताच अंगावर आल्यासारखा वाटत होता, काळोखी सकाळ, तोच चढ. बाहेर येऊन ती सतरा नंबरमध्ये चढली आणि बटण दाबून बघितलं. दार उघडलं. मिटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. मागं बघते तर शुक्रवारच्या सामन्याची घाण तशीच होती, शेंगांची टरफलं, वितळलेलं बर्फ, बुटांची वाळू. तिनं ड्रायव्हरच्या सीटमागचा झाडू डाव्या हातात घेतला आणि शेवटच्या बाकाखालून झाडायला सुरुवात केली.