बेल्ट लावा, सर

अप्पा पहिल्यांदा विमानात बसले ते माझ्याच विमानात. बिदरजवळच्या जनवाड्याच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. आई आणि ते बेंगळुरूला माझ्याकडे महिनाभर राहिले आणि परतीचं तिकीट त्यांनी हट्टानं माझी ड्यूटी असलेल्या दिवसाचं काढायला लावलं. बेंगळुरू ते बिदर, पंख्याचं छोटं विमान, मी सहवैमानिक.

विमान वर जाऊन सरळ झालं, तशी केबिनमधल्या मुलीनं आतल्या फोनवरून विचारलं, "सर, तुमचे वडील विचारतायत, दोन मिनिटं आत येऊन तुम्हाला खुर्चीत बसलेलं बघू का? दारातूनच बघतो म्हणतात."

डाव्या खुर्चीतल्या कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. "तुझे वडील आहेत. तू सांग."

उड्डाण चालू असताना कॉकपिटात बाहेरचं माणूस येत नाही. दार आतून बंद असतं आणि ते कुणासाठी उघडायचं, कुणासाठी नाही, याची यादी लहान आहे. त्या यादीत वडील नाहीत. मी नको म्हणालो. ती मुलगी मन्नाएखेळ्ळीची, आमच्याच भागातली. तिनं तो निरोप अप्पांना आमच्याच भाषेत, गोड करून सांगितला असणार. बिदरला उतरल्यावर खाली जाऊन भेटावं म्हटलं, तर परतीच्या फेरीची घाई होती. काचेतून मला ते दोघं चालत जाताना दिसले. अप्पा दोनदा थांबून मागं वळले. आत मी दिसत होतो की नाही, माहीत नाही.

मला वाटलं, ते रागावले असतील. पण झालं उलटंच. त्यांनी ही गोष्ट गावभर सांगितली. स्टँडवरच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या झेंडावंदनाला. "सख्ख्या बापाला दारातून परत लावलं बघा. नियम म्हंजे नियम!" आमच्या शेतांवरून रोज हवाईदलाची शिकाऊ विमानं जातात, त्यामुळं विमानाचं कुणाला अप्रूप नाही. पण या गोष्टीचं होतं. मी सुट्टीवर गेलो की लोक मला दोनच गोष्टी विचारायचे. एक, खरंच परत पाठवलंस का? आणि दुसरं, पगार किती? दुसऱ्याचं उत्तर कुणाला पटत नसे. ठरलेला पगार थोडा, बाकीचा जितके तास उडेन तितका. घरी बसलो, आजारी पडलो, की तास नाहीत. कॅप्टन झालो असतो तर पगार दुपटीच्या वर गेला असता, आणि कॅप्टन होण्यासाठी त्या वर्षी माझा नंबर जवळ आला होता. वरिष्ठ कॅप्टनांची शिफारस लागायची. हे सगळं मी आज लिहितोय ते सबब म्हणून नाही, पण तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, त्याच मार्गावर, तेच कॅप्टन आणि केबिनमध्ये तीच मुलगी. प्रवाशांमध्ये आमच्या जिल्ह्यातला एक मोठा कंत्राटदार होता. निम्मा धंदा, निम्मं राजकारण. कॅप्टनची आणि त्याची जुनी ओळख. विमान सरळ झाल्यावर कॅप्टननी फोन उचलला आणि त्याला आत पाठवायला सांगितलं. पलीकडून ती मुलगी काहीतरी बोलली. कॅप्टन म्हणाले, "मी कमांडर आहे. दार उघड म्हटलं की उघडायचं."

दार उघडलं. तो माणूस अत्तराच्या वासासकट आत आला आणि आमच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसला. कॅप्टननी मला विचारलं नाही. मी काही बोललोही नाही. बोललो ते एकच वाक्य. मागं वळून, हसून म्हणालो, "बेल्ट लावा, सर."

मला वाटलं, पाच मिनिटांत जाईल. तो विमान उतरेपर्यंत बसला. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटात कामाशिवाय एक शब्द बोलायचा नसतो. कॅप्टन त्याला खालची गावं दाखवत होते. हा हमरस्ता, ते मंठाळ, इथं तुमचा खडीचा क्रशर कुठं? टॉवरनं एकदा विचारलं, ते कॅप्टननी ऐकलं नाही. मीही नाही, कारण मी त्यांच्या विनोदावर हसत होतो. दुसऱ्यांदा टॉवरचा आवाज चढला तेव्हा मी उत्तर दिलं. उतरणं नीट झालं. पण ते नीट झालं यात आमचं कौतुक काही नव्हतं.

खाली उतरल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली. "सर, मी हे लिहून देणार आहे."

मी म्हणालो, "बघ बाई, विचार कर." एवढंच. लिही असंही नाही, लिहू नको असंही नाही.

तिनं लिहून दिलं. चार दिवसांनी कंपनीनं मला बोलावलं. त्याच्या आदल्या दिवशी कॅप्टनचा फोन आला होता. "तो दारापर्यंत आला, नमस्कार करून गेला. बरोबर? तुझी फाइल माझ्याकडेच येणार आहे, लक्षात आहे ना?" माझ्या ते लक्षात होतं. मी माझ्या हातानं लिहून दिलं की उड्डाणादरम्यान कॉकपिटात बाहेरची व्यक्ती बसलेली नव्हती. खाली सही केली. कँटीनमध्ये जाऊन जेवलो.

त्या मुलीची तक्रार खोटी ठरली. तिची नोकरी कराराची होती. तो करार पुढं वाढवला नाही.

दोनेक महिन्यांनी कंत्राटदाराचा वाढदिवस आला. त्याच्या पोरांनी त्यानं कॉकपिटात काढलेली एक चित्रफीत सगळीकडे पाठवली. साहेब विमान चालवताना! त्यात कॅप्टनचं डोकं, माझा खांदा, समोर ढग, आणि पहिल्याच क्षणाला माझा आवाज. कंपनीत ती पोचायच्या आधी जनवाड्यात पोचली. अप्पांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ती त्यांना कौतुकानंच दाखवली, तुमचं पोरगं आहे म्हणून.

मग चौकशी झाली. खरी. कॅप्टनचं आणि माझं लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. चौकशी अधिकाऱ्यानं त्या मुलीचा जुना अर्ज माझ्यासमोर वाचला. त्यात तिनं लिहिलं होतं, 'सहवैमानिकांनी विरोध केला असावा, परंतु कमांडरनी ऐकलं नाही.' अधिकाऱ्यानं चष्मा काढून विचारलं, "केला होता का विरोध?"

"नाही," मी म्हणालो.

मी गावी गेलो. अप्पा ओट्यावर बसले होते. आई पाणी घेऊन आली आणि आत गेली.

अप्पा म्हणाले, "त्यो आवाज तुझाच का?"

"व्हय."

"त्येला सर म्हणलास." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "मी आख्खा जन्म सरच होतो रे. मला न्हाई म्हणलास त्याचं दुःख न्हाई. ते बरोबरच होतं. पण मंग त्येला कामून न्हाई म्हणला न्हाईस?"

मी नोकरीचं, शिफारशीचं सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. वर्गात पोरगं चुकीचं उत्तर देत असलं की करायचे तसा.

तीन महिने मी घरी बसलो. पगार नव्हता, पण ते सोसलं. अप्पा स्टँडवर जायचे थांबले, ते सोसवलं नाही.

निलंबन संपायच्या आधी मी मन्नाएखेळ्ळीला गेलो. त्या मुलीच्या वडिलांचं हमरस्त्यावर टायरचं दुकान आहे. ती गल्ल्यामागं बसून फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये टायरच्या मापावरून भांडत होती. मला बघून उठली. सवयीनं "सर" म्हणाली आणि मग तिलाच ते आवडलं नसावं.

मी विचारलं, "मी विरोध केला असं का लिहिलंस?"

"दार लागल्यावर आतलं मला काय कळणार? तुमच्या अप्पांना तुम्ही परत लावलं होतं, निरोप मीच नेला होता. मला वाटलं, हा माणूस गप्प बसणार न्हाई." तिनं फोन गल्ल्यावर ठेवला. "मग तुमचा कागद दाखवला मला. मला वेडी ठरवलं त्यांनी. दुसऱ्या दोन कंपन्यांत गेले, तिथंही आधी हेच विचारलं."

"मी चुकलो."

"व्हय," ती म्हणाली. एक ट्रकवाला आला, तशी ती त्याच्याकडे वळली.

मी कंपनीला पत्र लिहिलं. माझा जबाब खोटा होता, तिचा खरा होता, तिला परत घ्यावं. उत्तर दोन ओळींचं आलं : प्रकरण बंद झालं आहे, यापुढे पत्रव्यवहार करू नये. त्याची प्रत मी तिला पाठवली. तिनं ती वाचली हे फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही.

कॅप्टन आता दुसऱ्या कंपनीत आहेत, मोठ्या विमानावर, पहिल्यापेक्षा जास्त पगारावर. माझा नंबर दोन वर्षं मागं गेला. माझ्यासोबत ड्यूटी लागली की काही कॅप्टन जपून बोलतात. कंपनीला लिहिलेल्या पत्रामुळं मी तक्रार करणारा आहे, असं त्यांना वाटतं. तसा मी असतो तर बरं झालं असतं.