टाळी कुणाला

रविवारी सकाळी फिल्म क्लबात मुलीबरोबर एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. त्यातला बाप हेकट, आणि सारं घर थोरल्या मुलीच्या जिवावर चाललेलं. एक दिवस ती ट्रंक उचलते आणि बापाच्या डोळ्यांदेखत वेगळं राहायला निघते. हॉलमध्ये सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती मी.

बाहेर आल्यावर कल्याणीनं विचारलं, "बाबा, टाळी कुणाला वाजवलीत?"

गेल्याच महिन्यात ती ऑफिसजवळ खोली घेऊन राहते म्हणाली, तेव्हा "एका गावात दोन घरं कशाला?" म्हणून मीच विषय मिटवला होता. मग त्या अंधारात मला एवढा आनंद कशाचा झाला? परक्याच्या मुलीचं धाडस बघायला सोपं जातं म्हणून? की त्या बापाचा मला खरंच राग आला होता? आला असेल, तर तो राग नेमका कुणावर होता?

हल्ली मला नीट दिसत नाही, म्हणून स्कूटर तीच चालवते. मी मागे बसलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काय वाटलं कोण जाणे, तो जरा सैल सोडला.

पुढच्याच गतिरोधकाला तो आपोआप घट्ट झाला.