पुंजाभाऊंनी झेललेला नारळ

पुंजाभाऊ म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले वायरमन. थंडीत देवघरात जपाला बसलं की आमच्या सासूबाईंचे पाय बधिर होतात, म्हणून फरशीखाली तापणारी वायर त्यांनीच घातली. अंथरण्याआधी मीटर लावला, अंथरल्यावर लावला, फरशी बसल्यावरही लावला. शॉक लागायच्या आत वीज तोडणारा वेगळा ब्रेकरही बसवला. मी म्हटलं, "भाऊ, किती ती शंका!" तर म्हणाले, "वहिनी, अर्थिंग नाय तर अनर्थ हाय."

सिमेंट वाळेपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबीही दिली होती. आज अखेर बटण दाबायचा दिवस उजाडला. मी फरशीला हळदकुंकू वाहिलं आणि शुभकार्याला नारळ हवाच, म्हणून तिथेच आपटायला हात उगारला.

"अवो वहिनी, खाली वायर हाय!"

सदुसष्ट वर्षांचे पुंजाभाऊ धाडकन आडवे पडले आणि माझ्या हातातून सुटलेला नारळ त्यांनी वरच्यावर झेलला.

"आउट!" जपमाळ उंचावून सासूबाई ओरडल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुंजाभाऊ मात्र फरशीवर पडल्या पडल्याच म्हणाले, "पायरीवर फोडा, आणि पाणीबी तिथंच सांडा."

नारळ पायरीवर फुटला, बटण दाबलं. अर्ध्या तासाने सासूबाईंनी अलगद पाऊल टेकवलं. "अगं बाई, मांजर नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतंय!"

मग आम्ही तिघंही फरशीवर बसलो. आरतीची वेळ झाली, पण उठायला कुणीच तयार नाही. देवा, आज बसूनच म्हटली, माफ कर.