सव्वादोनचं माप

अन्वरीभाभींचं मालेगावच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. जागा जेमतेम दोन गिऱ्हाइकं टेकतील एवढीच. लग्नघरी चुडा भरायला मात्र त्या स्वतः जातात. मुलीचा अंगठा तळहातात दुमडायचा, पंजा हलकेच दाबायचा आणि नेमक्या त्याच वेळी तिला काहीतरी बोलून हसवायचं. हसली की हात सैल पडतो, बांगडी आत. शेवटी बोटानं बांगड्या गरकन फिरवून बघतात. फिरल्या नाहीत तर माप चुकलं. त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

आमच्या शेजारच्या कस्तुराबाईंच्या निकिताचा चुडा होता, तेव्हा मी तिथंच सुपारी कातरत बसले होते. उजवा हात भरून झाला. सव्वादोनच्या मापाच्या हिरव्या बांगड्या भाभींनी फिरवल्या, छान खळखळल्या. मग निकिताला म्हणाल्या,

"सासूले सांगजो, माहे हात नाजूक हायेत, भांडे तुमीच घासा."

निकिता हसतच पाणी प्यायला अंगणात गेली. तिथं मांडवावर जांभळीच्या फांद्या टाकत होते. परत आली ती मान चोळत. फांदीवरची मधमाशी चावली होती. तिच्या आत्यांनी, लिलाबाईंनी, काटा काढून चुना लावला आणि निकितानं डावा हात पुढं केला.

चार बांगड्या चढल्या असतील. "भाभी, हाताले लय खाज सुटून राह्यली," ती म्हणाली. आवाज घोगरा. मानेवर, दंडांवर लाल गांधी उठलेल्या.

"पित्त हाये. आमसूल लावा," लिलाबाई म्हणाल्या.

भाभींनी निकिताचा उजवा हात उचलला. बांगड्या फिरवायला गेल्या, तर बोटच आत जाईना.

"कस्तुरा, इकडं ये. ह्या फिरून नाही राह्यल्या."

"घट्ट भरल्या असतीन."

"तुह्यासमोरच फिरवल्या ना मी?"

कस्तुराबाईंनी स्वतः बोट घालून पाहिलं आणि मग लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ सुजले होते. "आई, गळा दाटून राह्यला," निकिता कशीबशी म्हणाली.

"दवाखान्यात न्या, आत्ता," मी म्हणाले.

लिलाबाई दारातच उभ्या राहिल्या. "चुडा भरलेली पोरगी उंबऱ्याबाहेर? अक्षता पडेस्तोवर आपल्या घरची नवरी कधी बाहेर पडली नाही."

"चुडा पुरा झाला कुठं?" भाभी डाफरल्या. "डाव्या हातात चारच हायेत. अर्ध्या चुड्याची पोरगी कुठंबी जाऊ शकते. मले रीत नोको शिकवू, लिला. तुहा चुडा माह्या सासूनं भरला होता."

लिलाबाई दारातून बाजूला झाल्या. कस्तुराबाई ओरडल्या, "गणेश, रिक्षा आन!" निकिता उभी राहताच तिला भोवळ आली. तिच्या भावानं, गणेशनं, तिला उचलून रिक्षात भाभींच्या, कस्तुराबाईंच्या आणि माझ्या मांड्यांवर आडवं टाकलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर फरहांनी एवढंच विचारलं, "काही चावलं? काही औषध घेतलं?" मधमाशी म्हणताच त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच ठेवले, ऑक्सिजन लावला.

"मांडीत काहून, बाई?" कस्तुराबाईंनी रडत विचारलं.

"तिथून लवकर लागू पडतं, काकू. हे नुसतं पित्त नाही. घसा सुजतो, बीपी पडतं. बरं झालं, वाट पाहत बसला नाहीत. निकिता, उठायचं नाही हं, पडूनच राहा."

फुगलेल्या मनगटात काच रुतत होती. बांगड्या उतरवणं भाग होतं, पण कुणाचाच हात पुढं होईना. भाभींनी मनगटाशी ओला रुमाल सरकवला. "मीच भरल्या, मीच उतरवतो," म्हणत एकेक बांगडी अशी काढली की ओरखडा उठला नाही. मागून आलेल्या लिलाबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

आम्ही तिच्या तोंडाकडं बघत बसलो. हळूहळू श्वास मोकळा झाला, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात पहिलं वाक्य आलं, "भाभी, माह्या बांगड्या फोडल्या?" कस्तुराबाई रडता रडता हसल्या.

"आता न्याचं का घरी?" लिलाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, आत्या," डॉक्टर म्हणाल्या. "उतरलेली सूज पुन्हा चढू शकते. उद्या सकाळपर्यंत इथंच. आणि निकिता, सासरी सगळ्यांना सांगून ठेव. पुन्हा मधमाशी चावली तर घरी थांबायचं नाही. अशा वेळी जवळ ठेवायच्या इंजेक्शनचं मोठ्या डॉक्टरांना विचारू, मी चिठ्ठी देते."

सकाळी भाभी बांगड्यांचं पुडकं घेऊन दवाखान्यात हजर. निकिताचा अंगठा दुमडला, पंजा दाबला. सव्वादोनची बांगडी सरकन मनगटात गेली आणि बोट लावताच गरकन फिरली. भाभींनी ऐटीत डॉक्टरांकडं पाहिलं.

"खाला, सुट्टी मी देते, तुमची बांगडी नाही," म्हणत डॉक्टर फरहांनी बीपी घेतलं, छाती तपासली, घसा पाहिला आणि मगच मान डोलावली.

तिथंच खाटेवर चुडा भरून झाला. शेवटची एक बांगडी मात्र भाभींनी पुन्हा पुडक्यात ठेवली.

"ही कायले ठेवली?" निकितानं विचारलं.

"ही घरी, उंबऱ्याच्या आत भरतो. इथंच चुडा पुरा केला, तर तुही आत्या आपल्याले घरात घेनार नाही!"

सगळ्यांच्या आधी लिलाबाई हसल्या, आणि निकिताच्या चपला शोधायला खाटेखाली वाकल्या.